‘नॉर्मल’ म्हणजे किती?

मराठी विभागासाठी लेख दे, असं संपादक मॅडमनी सांगितलं तेव्हा मी आधी चक्क नाही म्हटलं होतं. दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मुलगी मी. मराठी घरी बोलायची आणि पेपरापुरती लिहायची. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर पोटात घाला. पण हा विषय मला मराठीतच लिहायचा होता, कारण ज्या काकूंना तो सगळ्यात आधी कळायला हवा होता, त्यांना इंग्लिश वाचता येत नाही.

गोष्ट आमच्याच होस्टेलची आहे. नाव सांगणार नाही, माझी रूममेट एवढंच पुरे. हा लेख तिने वाचलाय आणि ‘छाप’ म्हणाली आहे.

सेकंड इयरला असताना तिचं एक विचित्र व्हायचं. मेसमध्ये जेवताना पोळीचा तुकडा हातात तसाच राहायचा, नजर समोर खिळायची, ओठ चघळल्यासारखे हलायचे आणि एक हात ओढणीशी चाळा करायचा. हाक मारली तर उत्तर नाही. मिनिट-दीड मिनिटाने ती भानावर यायची आणि विचारायची, ‘‘काय म्हणालीस गं?’’ आम्हाला वाटायचं, भाव खाते! आणि मग सबमिशनच्या आदल्या रात्री तिला मोठी फिट आली. हातपाय ताठ, मग झटके, तोंडाला फेस. आम्ही सगळ्या इंजिनिअर होऊ घातलेल्या मुली, पण कोणी चप्पल हुंगवायला आणली, कोणी मेसमधून कांदा. मी तर शहाणपणा करून तिच्या दातांत स्टीलचा चमचा घातला. तिच्या पुढच्या दाताचा टवका उडाला. तो अजून दिसतो, आणि तो माझ्यामुळे आहे.

दुसऱ्या दिवशी तिची फाईल पहिल्यांदा बघितली. आठवीपासून गोळ्या चालू. एका औषधाने भागलं नाही म्हणून दुसरं. दोन्ही पूर्ण डोसमध्ये, तरी महिन्यातून तीन-चार वेळा ‘ते’ व्हायचंच. घरून ताकीद होती, कोणाला सांगायचं नाही, पुढे लग्नाचं बघायचंय. फाईलमध्ये एका स्कॅन सेंटरचा एमआरआय रिपोर्ट होता. दोन परिच्छेद आणि शेवटी एक ओळ, मेंदूत काहीही विशेष दोष आढळला नाही. काकूंनी त्या ओळीचा अर्थ असा लावला होता, ‘‘रिपोर्ट नॉर्मल आहे, म्हणजे डोक्यात काही नाही. मग हिला होतंय तरी काय? मनाचंच असणार.’’

त्या ‘नॉर्मल’ शब्दाने मला झोप येईना. आपण फर्स्ट इयरला व्हर्नियर कॅलिपरने साधा स्टीलचा गोळा मोजला तरी लीस्ट काउंट आणि झिरो एरर लिहिल्याशिवाय सर जर्नलवर सही करत नाहीत. मग मेंदू नॉर्मल आहे हे कोणी, कशाने आणि किती अचूक मोजलं? या प्रश्नामागे लागून जे शिकले, ते इथे मांडते.

आधी थोडं बेसिक

फिट, आकडी, फेफरं, मिरगी, अपस्मार ही सगळी एकाच कुटुंबातली नावं. मेंदूतल्या पेशी विजेच्या छोट्या सिग्नलवर चालतात. एखाद्या भागातल्या खूप पेशी एकदम, एका तालात ‘फायर’ झाल्या की फिट येते. ब्रिटिश डॉक्टर जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी हे एकोणिसाव्या शतकातच ओळखलं होतं. जर्मनीच्या हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूतली ही वीज डोक्यावर इलेक्ट्रोड लावून टिपली आणि १९२९ साली ते काम प्रसिद्ध केलं. तोच आपला ईईजी. जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार आहे. त्यातल्या साधारण ७० टक्के लोकांच्या फिट योग्य औषधाने थांबू शकतात. उरलेल्यांचं अवघड असतं. नीट निवडलेली, पुरेशा डोसमधली दोन औषधं घेऊनही फिट थांबत नसतील, तर आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०१० च्या व्याख्येप्रमाणे तो औषधाला दाद न देणारा अपस्मार. माझी रूममेट या गटातली.

अशा वेळी प्रश्न पडतो की फिट मेंदूत सुरू कुठून होते? मोठ्या माणसांमध्ये वारंवार सापडणारी एक जागा म्हणजे हिप्पोकॅम्पस. कानाच्या पातळीवर, टेम्पोरल लोबच्या आतल्या कडेला, डावीकडे एक आणि उजवीकडे एक. आकार समुद्रघोड्यासारखा म्हणून ग्रीक शब्दावरून हे नाव. लांबी जेमतेम ४-५ सेंटिमीटर, पण नवीन आठवणी साठवायचं काम त्याच्याकडे. काही जणांमध्ये तो आक्रसतो, पेशी मरतात आणि त्या जागी व्रणासारखा कडक भाग तयार होतो. याला हिप्पोकॅम्पल स्क्लेरोसिस म्हणतात. अशा अनेक पेशंटना लहानपणी तापात झटके आलेले असतात. रूममेटला विचारलं तर म्हणाली, ‘‘हो, दोन वर्षांची असताना आले होते म्हणे.’’

मग रिपोर्ट नॉर्मल कसा?

एमआरआयमध्ये एक्स-रे नसतो. शरीरातल्या पाण्यात हायड्रोजनचे प्रोटॉन असतात. मोठ्या चुंबकात (साधारण १.५ किंवा ३ टेस्ला) ते रांगेत येतात, रेडिओ पल्स दिली की ढळतात आणि परत येताना सिग्नल देतात. त्याचं चित्र करायच्या कामासाठी पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना २००३ साली नोबेल मिळालं.

पण हे चित्र ठोकळ्यांचं असतं. फोटोत पिक्सेल, तसा इथे व्हॉक्सेल. नेहमीच्या स्कॅनमध्ये काप ५ मिलिमीटर जाड असतात आणि दोन कापांच्या मध्ये फट असते. ४-५ सेंटिमीटरच्या, वाकड्या हिप्पोकॅम्पससाठी हे म्हणजे फूटपट्टीने तारेचा व्यास मोजण्यासारखं आहे. शिवाय एका जाड व्हॉक्सेलमध्ये अर्धा हिप्पोकॅम्पस आणि अर्धं शेजारचं पाणी आलं, तर मशीन दोघांची सरासरी दाखवतं आणि कडा पुसट होते.

काप कुठल्या कोनात घेतला हेही महत्त्वाचं. काकडी सरळ कापली तर गोल चकती निघते, तिरकी कापली तर लांबट. म्हणून अपस्माराच्या स्कॅनमध्ये हिप्पोकॅम्पसच्या लांबीला काटकोनात काप घेतात. २०१९ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी यासाठी ‘हार्नेस’ नावाचा प्रोटोकॉल सुचवला. त्यात १ मिलिमीटरच्या घन व्हॉक्सेलचे दोन थ्री-डी स्कॅन आणि हिप्पोकॅम्पससाठी वेगळे बारीक काप, असे तीन स्कॅन आहेत.

याने किती फरक पडतो? जर्मनीतल्या बॉन शहरात, औषधाला दाद न देणाऱ्या पेशंटवर २००२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. साधा स्कॅन आणि साधा वाचक असेल तर मेंदूतला दोष ३९ टक्के वेळा सापडला. तोच साधा स्कॅन तज्ज्ञाने वाचला तर ५० टक्के. आणि खास अपस्मारासाठी काढलेला स्कॅन तज्ज्ञाने वाचला तर ९१ टक्के! म्हणजे ‘नॉर्मल’ हा शब्द नुसत्या मेंदूबद्दल बोलत नाही. तो मशीन, प्रोटोकॉल आणि डोळे या तिघांबद्दलही बोलतो.

मोजमाप पहिलं : आकारमान

तज्ज्ञ डोळ्यांनाही मर्यादा असते. थोडा लहान आणि नक्की लहान यातला फरक डोळा सांगू शकत नाही, आकडा सांगतो. १९९० साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या क्लिफर्ड जॅक आणि सहकाऱ्यांनी हिप्पोकॅम्पसचं आकारमान मोजून फिट कोणत्या बाजूची हे ठरवायला मदत होते असं दाखवलं. पद्धत आपल्या बारावीच्या इंटिग्रेशनची. प्रत्येक कापावर हिप्पोकॅम्पसची कडा आखायची, क्षेत्रफळ काढायचं, कापाच्या जाडीने गुणायचं आणि सगळ्यांची बेरीज करायची. आता हेच काम सॉफ्टवेअरही करतं, त्याला सेगमेंटेशन म्हणतात.

समजा, एका व्यक्तीचा उजवा ३२०० घन मिलिमीटर आणि डावा २२०० आला (आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत). फरक १०००, दोघांची सरासरी २७००, म्हणजे असमानता ३७ टक्के. पण एवढ्यावर थांबायचं नाही. निरोगी माणसातही दोन बाजू अगदी सारख्या नसतात, उजवी सरासरीने किंचित मोठी असते. डोकं मोठं असेल तर हिप्पोकॅम्पसही मोठा, आणि वयानुसार तो लहान होतो. म्हणून डोक्याचा आकार आणि वय हिशोबात धरून निरोगी लोकांच्या गटाशी तुलना करावी लागते. समजा त्या गटाची सरासरी ३१०० आणि स्टँडर्ड डेव्हिएशन ३०० आहे, तर २२०० म्हणजे सरासरीच्या खाली तीन डेव्हिएशन. एम-थ्रीचा झेड-स्कोअर तो हाच! हा सोडून नुसती डावी-उजवी तुलना केली तर आणखी एक फसगत होते. दोन्ही बाजू सारख्याच आक्रसल्या असतील तर असमानता शून्य येते आणि आजार तसाच लपून राहतो.

मोजमाप दुसरं : टी-टू

रेडिओ पल्स दिल्यावर सिग्नल हळूहळू विझत जातो. किती वेगाने, ते टी-टू हा काळ सांगतो. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनो, हा चक्क आरसी सर्किटचा डिस्चार्ज कर्व्ह आहे, टी-टू म्हणजे त्याचा टाइम कॉन्स्टंट. खराब झालेल्या हिप्पोकॅम्पसमध्ये सिग्नल सावकाश विझतो, म्हणून टी-टू वाढतो आणि चित्रात तो भाग पांढुरका दिसतो. पण पांढुरका किती, हे स्क्रीनच्या ब्राइटनेसवर आणि बघणाऱ्यावर अवलंबून असतं. १९९३ साली लंडनमध्ये ग्रॅम जॅक्सन आणि सहकाऱ्यांनी ‘किती पांढरा’ याऐवजी ‘किती मिलिसेकंद’ असा प्रश्न विचारला.

गणित सोपं आहे. समजा ३० मिलिसेकंदांना सिग्नल १००० होता आणि १२० मिलिसेकंदांना ४०७ राहिला. मधला काळ ९०. १००० भागिले ४०७ याचा नॅचरल लॉग ०.९. नव्वदला ०.९ ने भागलं की टी-टू आला १०० मिलिसेकंद. दुसऱ्या बाजूला त्याच वेळी ४७२ राहिला असेल तर लॉग येतो ०.७५ आणि टी-टू १२० मिलिसेकंद. डोळ्याला दोन राखाडी छटा जवळपास सारख्या वाटतील, पण आकड्यांत वीस मिलिसेकंदांचा फरक आहे. गोम एवढीच की टी-टू मशीनच्या टेस्लावर आणि पद्धतीवर बदलतो. त्यामुळे ज्या मशीनवर पेशंट मोजला, त्याच मशीनवर निरोगी माणसंही मोजलेली हवीत. कॅलिब्रेशन, दुसरं काय!

मी केलेला घोळ

एवढं वाचल्यावर मला राहवेना. रूममेटच्या जुन्या स्कॅनची सीडी माझ्या लॅपटॉपवर टाकली, एक फ्री व्ह्यूअर घेतला आणि माऊसने कडा आखत बसले. रात्री दोन वाजता आकडे आले, एका बाजूला २.९ घन सेंटिमीटर, दुसऱ्या बाजूला २.३. स्क्रीनवर उजवीकडचा लहान होता. मी तिला उठवून सांगितलं, ‘‘अगं, सापडलं! तुझा उजवा लहान आहे.’’

तिने नेटवर वाचलं की बहुतेक लोकांचं भाषेचं केंद्र डावीकडे असतं. मग तिने घरी फोन केला, ‘‘आई, उजवीकडे आहे, बोलण्याला धोका नाही.’’ काकू फोनवर रडल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी म्हणत होतं की हे मनाचं नाही.

पुढच्या महिन्यात मुंबईच्या एका एपिलेप्सी क्लिनिकमध्ये तिघी गेलो. मी ऐटीत माझी एक्सेल शीट डॉक्टर मॅडमपुढे ठेवली. त्यांनी ती शांतपणे बघितली, मग सीडीतला फोटो उघडून विचारलं, ‘‘कोपऱ्यात हे ‘आर’ अक्षर कुठे आहे, बघितलंस का?’’ ‘आर’ स्क्रीनच्या डावीकडे होतं. एमआरआयचा फोटो समोर उभ्या माणसाकडे बघावा तसा दाखवतात, त्यामुळे स्क्रीनवर डावीकडे दिसतं ते पेशंटचं उजवं. मी जो उजवा म्हणाले, तो डावा होता.

मॅडम पुढे म्हणाल्या, ‘‘आणि तुझा आकडाही भरवशाचा नाही. काप पाच मिलिमीटरचे, डोकं थोडं तिरकं, त्यामुळे दोन बाजू वेगवेगळ्या जागी कापल्या गेल्यात. तुला फरक दिसला तो खरा असेल किंवा नसेलही. या स्कॅनवरून सांगताच येणार नाही.’’

परतीच्या बसमध्ये कोणी बोललं नाही. रूममेट दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि तिचं बरोबर होतं. आकडा दिसला की आपल्याला वाटतं, सत्य सापडलं. पण काय मोजलं, कशाने मोजलं, कोणत्या बाजूचं मोजलं आणि चूक किती असू शकते, हे सोबत नसेल तर तो आकडा त्या रिपोर्टमधल्या ‘नॉर्मल’इतकाच पोकळ असतो. मी त्या स्कॅन सेंटरला नावं ठेवत होते आणि स्वतः तेच केलं होतं.

बाजूवर एवढं काय अडलंय?

कारण औषधाला दाद न देणाऱ्या काही पेशंटना ऑपरेशनचा उपयोग होतो. कॅनडात २००१ साली टेम्पोरल लोबच्या ८० पेशंटवर चाचणी झाली. वर्षभरानंतर ऑपरेशनच्या गटात ५८ टक्के लोक भान हरपणाऱ्या फिटपासून मुक्त होते, नुसत्या औषधाच्या गटात ८ टक्के. आपल्या दिल्लीच्या एम्समध्ये ११६ मुलांवरच्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हेच आकडे ७७ आणि ७ टक्के आले. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा इन्स्टिट्यूटमध्ये १९९५ पासून अशी ऑपरेशन्स होतात.

पण चूक झाली तर? १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाच्या २७ वर्षांच्या तरुणाच्या फिट थांबवायला दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग काढला. फिट कमी झाल्या, पण नवीन आठवण साठवणं बंद पडलं. २००८ साली मृत्यू होईपर्यंत तो रोज भेटणाऱ्या डॉक्टरांनाही नव्याने भेटत राहिला. हिप्पोकॅम्पस काय करतो हे विज्ञानाला मुख्यतः त्याच्यामुळे कळलं, पण किंमत त्याने मोजली. एक बाजू काढायची तर दुसरी चांगली आहे याची खात्री हवी, आणि ती खात्री मोजमापातून येते.

तरीही नुसत्या एमआरआयवर कोणी ऑपरेशन ठरवत नाही. फिट येताना कॅमेरा आणि ईईजी एकत्र लावून नोंद करतात, स्मरणशक्ती आणि भाषेच्या चाचण्या घेतात, काही वेळा मेंदूचा साखरेचा वापर दाखवणारा पेट स्कॅन करतात. सगळ्यांचं बोट एकाच जागेकडे गेलं तर पुढे जातात.

कॉम्प्युटर सगळं शोधून देईल का?

दुसरा एक दोष असतो, फोकल कॉर्टिकल डिस्प्लेशिया. यात मेंदूच्या सालीचा एखादा छोटा भाग जन्मापासून वेगळा घडलेला असतो. साल जाड, ग्रे आणि व्हाइट मॅटरमधली रेघ पुसट. तो कुठेही असू शकतो, म्हणून सॉफ्टवेअर सालीच्या हजारो बिंदूंवर जाडी मोजून निरोगी लोकांशी ताडून बघतं. इथे आपलं स्टॅटिस्टिक्स आठवा. प्रत्येक टेस्टला ५ टक्के चूक चालते म्हटलं, तर १००० टेस्टमध्ये ५० खोट्या घंटा वाजणार. ‘मेल्ड’ नावाच्या प्रकल्पात २२ केंद्रांतल्या ६१८ पेशंटचे स्कॅन वापरून असं सॉफ्टवेअर बनवलं. २०२२ साली त्याचे निकाल आले. डोळ्याने सुटलेले काही दोष त्याने पकडले, पण निरोगी लोकांतही बऱ्याच जणांमध्ये काहीतरी ‘दाखवलं’. म्हणून असं सॉफ्टवेअर ‘इथे परत बघा’ म्हणणारा मित्र आहे, निकाल देणारा जज नाही.

आणि हेही खरं की प्रत्येक फिटला एवढी मोजामोजी लागत नाही. आपल्याकडे जंताची गाठ किंवा क्षयाची गाठ हेही फिटचं कारण असतं, आणि ते बरेचदा साध्या स्कॅनवर दिसतं.

पुढे काय झालं

रूममेटचा अपस्माराच्या प्रोटोकॉलने नवा स्कॅन झाला. डावा हिप्पोकॅम्पस लहान, टी-टू वाढलेला. व्हिडिओ ईईजीनेही डावीच बाजू दाखवली. भाषेची बाजू तीच असल्यामुळे तपासण्या अजून चालू आहेत. ऑपरेशन करायचं की नाही ते ती सुट्टीत घरच्यांबरोबर ठरवणार आहे. पण एक गोष्ट आत्ताच बदलली. डॉक्टर मॅडमनी काकूंना स्क्रीनवर दोन्ही बाजू शेजारी शेजारी दाखवल्या. काकूंनी बोट लावून विचारलं, ‘‘म्हणजे ही पोर खोटं बोलत नव्हती?’’ मॅडम म्हणाल्या, ‘‘नव्हती.’’ लग्नाचाही विषय निघालाच. तेव्हा कळलं की १९९९ सालच्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्याच्या अटींमधून ‘एपिलेप्सी’ हा शब्द काढून टाकला आहे. समाजाची दुरुस्ती बाकी आहे!

रेक्टर मॅडमना सांगितलं तर होस्टेल सोडावं लागेल, ही तिची मोठी भीती होती. शेवटी सांगितलं. मॅडमनी तिला तळमजल्यावरची खोली दिली आणि मलाही तिच्याबरोबर खाली पाठवलं. बस, एवढंच.

शेवटी, होस्टेलमध्ये सगळ्यांनी पाठ करावं असं :

१. घड्याळ बघा. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते.
२. आजूबाजूच्या टोकदार वस्तू दूर करा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, गळ्याजवळचे कपडे सैल करा.
३. झटके थांबत आले की कुशीवर वळवा.
४. हातपाय दाबून धरू नका. तोंडात काही घालू नका, ना चमचा, ना पाणी, ना गोळी. चप्पल आणि कांद्याचा काही उपयोग नाही.
५. पाच मिनिटांहून जास्त चालली, शुद्धीवर येण्याआधी दुसरी आली किंवा इजा झाली तर १०८ ला फोन करा.
६. कोणी नुसतं टक लावून ओठ हलवत बसलं असेल तर तीही फिट असू शकते. हसू नका. जिना, गॅस यांपासून हळूच दूर न्या आणि भान येईपर्यंत जवळ थांबा.

आणि कोणाच्या फाईलमध्ये ‘नॉर्मल’ लिहिलेलं असेल, तरी त्रास थांबत नसेल, तर डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा, स्कॅन अपस्माराच्या प्रोटोकॉलने झाला होता का? आपण इंजिनिअर आहोत. कशाने मोजलं, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. फक्त उत्तर स्वतः देऊन टाकायच्या आधी कोपऱ्यातलं ‘आर’ बघायला विसरू नका.